काळीपिवळी ते रेसट्रॅक

रेसिंग म्हणजे ॲक्सिलरेटर दाबून धरणं, असं वाटतं ना? बाभुळगावच्या एका मुलीला कोइम्बतूरच्या ट्रॅकवर दोन दिवस शिकवलं काय, तर थांबायला!

रेसिंगच्या शाळेत पहिले दोन तास गाडीला हातसुद्धा लावू देत नाहीत. गाडी समोर शेडमध्ये उभी असते, दिसत असते, तिच्यावर मेकॅनिक वाकलेले असतात, आणि तुम्ही मात्र प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून फळ्याकडे बघत असता. आमच्या सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘गाडी जमिनीला किती ठिकाणी टेकते?’’ चार, असं सगळेच ओरडले. ‘‘आणि प्रत्येक ठिकाणी किती?’’ इथे मात्र शांतता. त्यांनी आपला तळहात वर करून दाखवला. एवढीच. एका टायरचा साधारण तळहाताएवढा भाग एका वेळी रस्त्याला चिकटलेला असतो. तुमचा जीव, तुमचा वेग, तुमची लाखांची गाडी, सगळं त्या चार तळहातांवर.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला माझ्या भाषेत असं समजलं. टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार. ठरलेला. तो ब्रेकवर खर्च करा, वळण्यावर खर्च करा, नाहीतर वेग वाढवण्यावर करा. पण सगळा पगार घरभाड्यात घातला तर किराण्याला काय उरणार? म्हणजे पूर्ण ताकदीने ब्रेक दाबलेला असताना स्टिअरिंग फिरवलं, तर टायरकडे वळायला काही शिल्लकच नसतं. गाडी सरळ जाते. म्हणून आधी ब्रेक, तोही गाडी सरळ असताना. मग ब्रेकवरचा पाय हळूहळू उचलत वळायचं. आणि वळणातून बाहेर पडताना, स्टिअरिंग जसं जसं सरळ होईल तसं तसं ॲक्सिलरेटर द्यायचं. रेसिंग ते एवढंच, असं सर म्हणाले. उरलेलं आयुष्य याच तीन गोष्टींच्या सरावात जातं म्हणे.

मी मूळची बाभुळगावची. यवतमाळ–धामणगाव रस्त्यावरचं आमचं गाव. बाबा काळीपिवळी चालवतात, बाभुळगाव–यवतमाळ. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते, काळीपिवळी म्हणजे शेअरिंगची जीप. कागदावर तिच्यात किती माणसं बसतात आणि खरोखर किती बसतात, हा विषय आपण इथे नको काढू. मी गाडी शिकले ती याच जीपवर, बेंबळा धरणाकडच्या रिकाम्या रस्त्यावर, सतराव्या वर्षी नुसती बाजूला बसून आणि अठरा झाल्यावर स्टिअरिंग हातात घेऊन. यवतमाळला डिप्लोमा केला आणि आता चाकणला नोकरी करते. पहिल्या वर्षीचा बोनस आणि थोडी बचत मिळून एक रक्कम जमली. घरी फोन करून सांगितलं की, या पैशात मी दोन दिवस रेसिंगची गाडी चालवायला कोइम्बतूरला जातेय. फोनवर बाबा बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘‘मी गाडी चालवाचे पैसे घेतो, अन् तू गाडी चालवाचे पैसे द्याले चालली?’’

याला उत्तर नव्हतं. आजही नाही. माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढी ती रक्कम होती आणि त्यात घरचं बरंच काही झालं असतं. तरीही गेले.

कोइम्बतूरच का? देशात कार रेसिंगचे नावाजलेले ट्रॅक मोजकेच. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा एक. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन वेटेल जिंकला. पाच किलोमीटरहून मोठा, भव्य वगैरे. आणि तिसरा कोइम्बतूरबाहेर चेट्टीपाळयमचा कारी मोटर स्पीडवे. जेमतेम २.१ किलोमीटरचा. नवशिक्याला हाच बरा, कारण लांबलचक सरळ पट्टे कमी आणि वळणं एकामागून एक. शिवाय कुर्ला–कोइम्बतूर एक्स्प्रेस पुण्यावरूनच जाते. स्लीपरचं तिकीट काढलं की झालं.

पण मला त्या जागेचं नाव जास्त आवडलं. कारी म्हणजे एस. करिवर्धन. कोइम्बतूर हे गिरण्यांचं शहर, आपल्याकडचा कापूस ज्या मुलखात सूत व्हायला जातो तो मुलूख. तिथल्या गिरणीवाल्या घराण्यातला हा माणूस स्वतः रेसर, आणि त्याहून मोठा म्हणजे गाड्या बनवणारा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याने मारुती ८०० चं इंजिन लावून एका सीटची रेसिंग कार तयार केली. फॉर्म्युला मारुती. तोवर आपल्याकडे रेसिंग म्हणजे बाहेरून गाडी मागवू शकणाऱ्यांचा खेळ होता. गल्लीत मिळणारं इंजिन, गल्लीत मिळणारे स्पेअर पार्ट लावल्यावर तो निदान थोडा खाली आला. भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन, जो २००५ मध्ये जॉर्डन संघाकडून उतरला, तोही कोइम्बतूरचाच आणि त्याचीही सुरुवात फॉर्म्युला मारुतीतूनच झाली. करिवर्धन १९९५ मध्ये छोट्या विमानाच्या अपघातात गेले. २००३ मध्ये उभ्या राहिलेल्या ट्रॅकला त्यांचं नाव दिलं.

आम्हाला जी गाडी चालवायची होती ती याच घराण्यातली, एलजीबी फॉर्म्युला ४. मारुती स्विफ्टच्या जातीचं १३०० सीसीचं इंजिन, तेही ड्रायव्हरच्या पाठीमागे. एलजीबी म्हणजे काय, असं विचाराल तर तुमच्या घरात उत्तर असेल. बाइकच्या चेन सेटवर ‘रोलॉन’ लिहिलेलं असतं ना? त्या चेन बनवणारी कोइम्बतूरची कंपनी. आमच्या बसस्टँडजवळच्या गॅरेजवाल्याला हे सांगितलं तर त्याची कॉलर ताठ झाली, जणू तोच रेसला जाऊन आला!

आता गाडीत बसण्याबद्दल. खरं तर बसत नाहीत, घालतात. अंगात आग न लागणारा सूट, डोक्यावर बालाक्लाव्हा म्हणजे डोळेच तेवढे उघडे ठेवणारी टोपी, त्यावर हेल्मेट. स्टिअरिंग काढून बाजूला ठेवलं, मी सीटवर उभी राहिले आणि मग पाय पुढे सरकवत आत घसरले. पाय जवळपास आडवे. बूड जमिनीपासून वीतभर वर. मेकॅनिक अण्णांनी खांद्यावरून, कमरेवरून पट्टे आणले आणि असे काही आवळले की श्वास वरच्या वर राहिला. मी तक्रारीच्या सुरात काहीतरी म्हटलं, तर ते हसले आणि आणखी एक बोट आवळले. मग कळलं का ते. या गाडीची प्रत्येक हालचाल पाठीतून आणि कमरेतून कळते. पट्टा सैल असेल तर तुम्ही स्टिअरिंगला धरून स्वतःला सावरत बसता, आणि मग हाताला गाडी काय सांगतेय ते ऐकू येत नाही.

इंजिन चालू झालं आणि माझ्या डोक्यातले सगळे फळ्यावरचे धडे पुसले गेले. आवाज कानात येत नाही, बरगड्यांत येतो. पॉवर स्टिअरिंग नाही. एबीएस नाही. काच नाही, दार नाही, हॉर्न तर नाहीच. (बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी आधी विचारलं, हॉर्न नाही तं चालवते कसे?) पुढची दोन्ही चाकं उघडी, डोळ्यांसमोर फिरताना दिसतात. डांबरावरचा एकेक खडा स्टिअरिंगमधून मनगटात येतो.

पहिल्या फेऱ्या सरांच्या गाडीच्या मागे. वळणावळणावर नारिंगी कोन ठेवलेले. पहिला कोन, ब्रेक. दुसरा, वळायला सुरुवात. तिसरा, वळणाच्या आतल्या कडेला, त्याला जवळजवळ घासून जायचं. चौथा, बाहेर पडताना रस्त्याच्या पार काठाशी. बाहेर–आत–बाहेर. म्हणजे रस्त्याची सगळी रुंदी वापरून वळण जेवढं सरळ करता येईल तेवढं करायचं. काळीपिवळीत आपण कायम आपल्या बाजूने जातो, समोरून एसटी येणार हे गृहीत धरून. इथे समोरून कुणी येणार नाही, हे डोक्याला माहीत असतं पण अंगाला पटत नाही. माझं अंग दुसऱ्या दिवशी सकाळी पटलं.

टायर गुळगुळीत. नक्षीच नाही. गावाकडे असं टायर दिसलं की आपण म्हणतो, बदल बापा, घासलं. इथे नवीनच तसं येतं. कोरड्या डांबरावर जेवढं जास्त रबर टेकेल तेवढी पकड जास्त, म्हणून. पण ते गरम झाल्याशिवाय चिकटत नाही, त्यामुळे पहिल्या एक-दोन फेऱ्या जपून काढाव्या लागतात. पाऊस आला की मात्र हे टायर बिनकामाचं, तेव्हा नक्षीवालं लावतात. रस्त्यावर घासलेलं टायर का धोकादायक, हे यापेक्षा स्पष्ट कुणी समजावलं नव्हतं.

खरी मजा ब्रेकची. आपल्या रोजच्या गाडीत ब्रेक म्हणजे पायाच्या बोटांचं काम. इथे ब्रेकवर जवळपास उभं राहायचं असतं. पहिल्या क्षणी पूर्ण जोर, मग हळूहळू सोडत यायचं. चाक लॉक झालं तर टायरमधून पांढरा धूर निघतो, वास येतो, आणि त्या एका जागी टायर चपटं होतं. मग पुढे प्रत्येक फेरीत गाडी धडधड करत त्याची आठवण काढते. सर म्हणाले, सरळ पट्ट्यावर ॲक्सिलरेटर दाबायला कुठलीही हिंमत लागत नाही, ते कुणीही करतं. कोण किती उशिरा ब्रेक मारतो आणि तरी वळणात किती शांत असतो, त्यावर ड्रायव्हर ओळखायचा.

आणि डोळे. ही गोष्ट मी कधी विसरणार नाही. हेल्मेटमध्ये मान वळवणंही जड, पण सर दर फेरीनंतर एकच विचारायचे, ‘‘कुठे बघत होतीस?’’ गाडी जिथे आहे तिथे बघायचं नाही. ब्रेक मारताना वळणाचा आतला कोन बघायचा, आतल्या कोनाशी पोहोचेपर्यंत नजर बाहेर पडायच्या काठाला, आणि तिथे पोहोचेपर्यंत पुढच्या वळणाला. हात आपोआप नजरेच्या मागे जातात. याला इंग्रजीत मोठं नाव आहे. माझ्या बाबांनी हे मला बेंबळ्याच्या रस्त्यावर एका वाक्यात सांगितलं होतं, ‘‘खड्ड्याकडं पाह्यलं का गाडी खड्ड्यातच जाते. पाहाचं तेथं, जेथं जाचं हाय.’’ हे मी सरांना मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. त्यांनी ते वाक्य मला मराठीत पुन्हा म्हणायला लावलं आणि फळ्यावर तमिळ अक्षरांत लिहून ठेवलं!

झेंड्यांची परीक्षा वेगळी. पिवळा दिसला की पुढे काहीतरी घडलंय, वेग कमी, कुणालाही ओलांडायचं नाही. लाल म्हणजे सगळं थांबवलंय. निळा म्हणजे मागून तुमच्यापेक्षा वेगवान गाडी येतेय, जाऊ द्या. काळा म्हणजे तुम्हालाच बोलावलंय, या आत. यात वाद नाही, ‘अरे पण मी’ नाही. यवतमाळच्या चौकात हे झेंडे लावले तर काय होईल, याचा विचार करून बघा एकदा.

आमच्या बॅचला कोचीचे एक काका होते. स्वतःची स्पोर्ट्स कार घेऊन आलेले. लाल, बुटकी, दोन सीटांची, उभी असतानाही पळतेय असं वाटायला लावणारी. तिच्यात माझ्या फॉर्म्युला गाडीच्या तिपटीने वगैरे ताकद. पण पहिल्या दिवशी दुपारी एका साध्या उजव्या वळणावर फॉर्म्युला गाडीने काकांना दोन गिरक्या मारून मातीत नेऊन ठेवलं. काही झालं नाही. गाडी थांबली, धूळ खाली बसली, मार्शलने झेंडा दाखवला, काका हात हलवत, हसत बाहेर आले. संध्याकाळी सरांनी त्यांची लाल गाडी चालवून दाखवली, शेजारच्या सीटवर मला बसायला मिळालं. काय सांगू! सरळ पट्ट्यावर पाठ सीटमध्ये रुतते आणि ब्रेकला पोट पुढे येतं. पण गंमत म्हणजे वळणात सर काही चुकीचं करूच शकत नव्हते. मागचं चाक घसरायला लागलं की कॉम्प्युटर परस्पर ताकद कमी करतो, चाक लॉक होऊ देत नाही, प्रत्येक चाकाला वेगळा ब्रेक मारतो. काका म्हणाले, ‘‘तीन वर्षं मला वाटत होतं मी चांगला चालवतो. चालवत होती ती.’’

स्पोर्ट्स कार घ्यायची ऐपत येईल तेव्हा येईल (न येण्याचीच शक्यता जास्त). पण शिकायची असेल तर ज्या गाडीत मध्ये कुणी मदतीला नाही तीच बरी, असं माझं मत झालंय.

मातीत जाऊन थांबलेली ती गाडी मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. कारण तशीच घसरलेली एक बाइक मी आमच्या धामणगाव रस्त्यावर पाहिली आहे. माझ्या दहावीच्या वर्गातला मुलगा होता. एकोणीस वर्षांचा. ट्रॅकवर वळणाच्या बाहेर मोकळी माती असते, तिच्यापलीकडे टायरची भिंत, बाजूला ॲम्ब्युलन्स इंजिन चालू ठेवून उभी. आमच्या रस्त्याच्या बाहेर काय असतं? गावाच्या नावातच आहे ते. बाभूळ.

आमच्याकडची पोरं वेगासाठी कुठे जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. पूर्वी नागपूर–तुळजापूर हायवे, आता धामणगावपासून समृद्धी. कारला ताशी १२० ची मर्यादा आहे तिथे, पण मोबाइलवरच्या रीलमध्ये काटा १६० वर दिसतो आणि खाली बदामांचा पाऊस. या पोरांना मी शहाणपण शिकवायला जात नाही, कारण मला ती खाज कळते. मलाही आहेच की! फक्त एक हिशेब सांगते, जो आम्हाला फळ्यावर करायला लावला होता. ताशी १०० म्हणजे सेकंदाला २८ मीटर. काहीतरी दिसलं, डोक्याला कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात एक सेकंद गेला तर गाडी २८ मीटर पुढे. ब्रेक तर अजून लागलाच नाही. आणि वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट नाही, साधारण चौपट होतं. ट्रॅकवर हा हिशेब चुकला तर लोक हसतात.

मला वाटतं, आपल्याला हे कुणी परक्याने शिकवायची गरजही नाही. शंकरपट आठवा. बैलजोडी पळवायची तर गाव काय करतं? शेत निवडतं, धावपट्टी साफ करतं, दोर बांधून माणसं बाजूला ठेवतं, घड्याळ लावतं आणि मग धुरकरी जोडी सोडतो. भरबाजारातून कुणी पट पळवलाय का कधी? शर्यतीला वेगळी जागा लागते, हे आमच्या आजोबांना माहीत होतं. मध्ये काही वर्षं पट बंद होते, नंतर कायदा झाला, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्यही केला आणि आता अटी-नियमांसकट पट पुन्हा भरतात. बैलांच्या शर्यतीसाठी जागा, नियम, परवानगी सगळं आहे. दोन चाकं किंवा चार चाकं घेऊन वेग अनुभवायचा असलेल्या पोरासाठी अख्ख्या जिल्ह्यात काय आहे? एखादं मोकळं मैदान, दहा नारिंगी कोन आणि ब्रेक कसा मारायचा हे सांगणारा एक माणूस, एवढ्यानेही सुरुवात होते. कोन तर आमच्या कंपनीच्या गेटवरही पडलेले असतात.

ज्यांना खरंच जायचंय त्यांच्यासाठी थोडं. थेट फॉर्म्युला गाडीत बसायची घाई नको, आधी कार्टिंग. कोल्हापूरला मोहितेंचा कार्टिंग ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झाल्यात आणि ध्रुव मोहितेसारखे ड्रायव्हर त्याच शहरातून पुढे आलेत. कार्ट छोटी दिसते, पण वजनाचा खेळ, नजर, बाहेर–आत–बाहेर हे सगळं तीच शिकवते, तेही बऱ्याच कमी पैशांत. स्पर्धेत उतरायचं तर एफएमएससीआय या राष्ट्रीय संघटनेचं लायसन्स लागतं, आरटीओचं चालत नाही. इंजिनीअरिंगला असाल तर आणखी एक रस्ता आहे. फॉर्म्युला भारत नावाची विद्यार्थ्यांची स्पर्धा याच कारी ट्रॅकवर होते, त्यात कॉलेजच्या मुलांनी स्वतः बनवलेली गाडी स्वतःच चालवायची. मुलींनो, अंगकाठीने बारीक असाल तर इथे ते कौतुकाचं आहे, गाडीला वजन नकोच असतं. पण मान आणि हात मजबूत करून जा. माझे हात दोन दिवस चहाचा कप धरताना थरथरत होते.

आणि घरी सांगून जा. परतल्यावर आईने हेल्मेट चांगलं होतं का, एवढं विचारलं. बाबांनी तासभर काही विचारलं नाही. रात्री जेवताना म्हणाले, ‘‘एका फेरीत किती खेप ब्रेक मारा लागते?’’ मी सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात बाभुळगाव ते यवतमाळ मोजलं असावं, कारण बराच वेळ घास हातातच होता. मग म्हणाले, ‘‘ब्रेकपॅडचा खर्च कोण देते?’’